पुण्याची हौसाबाई

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, साहेबांना नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? काय माहीत बुवा. तुम्ही निवांत बसलाय, मलाही आज घाई नाही— आणि गोष्ट तशी हसण्यासारखी आहे. निदान मी तरी ती आठवून इतकी वर्षं हसतच आलोय. तोच तर सगळा घोळ आहे.

नव्वदचं दशक. सांगलीत विश्रामबागला एका चार्टर्ड अकाउंटंटच्या ऑफिसात मी नोकरीला होतो. काम काय? तर पुण्याला जाऊन नावं बघून येणं. म्हणजे असं, की कुणाला कंपनी काढायची असेल तर तिचं नाव आधी दुसऱ्या कुणी घेतलेलं नको. आता हे घरबसल्या कळतं म्हणे. तेव्हा कंपन्यांच्या नोंदणीच्या सरकारी कचेरीत जायचं, जाडजूड यादी पुढ्यात ओढायची आणि बोट ठेवून खाली खाली सरकत जायचं. नाव सापडलं तर गेलं. नाही सापडलं तर मोकळं— मग साहेब अर्ज भरायचे. मला हे काम फार आवडायचं. दिवसभर एसटीचा प्रवास, वर साहेबांच्या खर्चानं जेवण!

एकदा माण तालुक्यातल्या दहिवडीकडून दोघं आले. बिरा आणि मिलिंद, शाळेपासूनचे दोस्त. बिराच्या घरी पिढ्यान् पिढ्या मेंढरं. तो स्वतः मुंबईला गिरणीच्या रंगखात्यात काम करून गावी परतलेला. मिलिंद कागदपत्रांना पक्का. लोकरीची घोंगडी, आसनं करून शहरात विकायची, आणि तीही रीतसर प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढून, अशी दोघांची जिद्द. नाव? ते कधीच ठरलेलं. हौसाबाई वूलन्स. हौसाबाई म्हणजे बिराची आई. आणि नाव सुचवलं होतं मिलिंदनं बरं का, पोटच्या पोरानं नव्हे. "आमच्या बुद्धवाड्यातल्या पोराला त्या काळी जिनं आपल्या चुलीपुढं बसवून जेवू घातलं, तिचं नाव लागलं पाहिजे," असं तो साहेबांना म्हणाला. सातबाऱ्यावर म्हातारीचं नाव नाही, घरावर नाही. एका तरी कागदावर ते सगळ्यात वर यावं, एवढंच त्यांना हवं होतं.

साहेबांनी मला गुरुवारी पुण्याला धाडलं. आणि मी— हं, आता कसं सांगू? मी पुण्याला गेलोच नाही.

त्याचं असं झालं, की आदल्या रविवारी मी कोरेगावला मुलगी बघायला गेलो होतो. सुनंदा. पोहे छान, मुलगी त्याहून छान, पण दहा माणसांत माझी दातखिळीच बसली. मोठ्या हिमतीनं एक प्रश्न विचारला— "स्वयंपाक येतो का?" तिनं जे पाहिलं माझ्याकडं! म्हटलं, संपलं, ही काही आपल्याला हो म्हणत नाही. ती साताऱ्यात टायपिंगच्या क्लासात शिकवते, एवढं कानावर होतं. गुरुवारी गाडी सातारा स्टँडात लागली, कंडक्टर म्हणाला दहा मिनिटं, मी चहाला उतरलो. चहा राहिला बाजूला, पाय गेले टायपिंगच्या दाराशी.

मग काय विचारता! ती बाहेर आली, आधी रागावली, मग हसली. कंदी पेढे घेतले, चार भिंतीच्या टेकडीवर चढलो, अख्खा सातारा पायाखाली. आधी ती बोलत होती, मग मी बोलायला लागलो आणि थांबेनाच. "स्वयंपाक तुम्हाला येतो का?" तिनं मध्येच विचारलं. नाही, म्हणालो. "मग शिकून घ्या." होकार असाही मिळतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. घड्याळ पाहिलं तर तीन वाजून गेलेले. पुण्याची कचेरी बंद व्हायच्या आत पोचणं शक्यच नव्हतं.

त्या दिवसाबद्दल वाईट वाटतं का म्हणाल, तर— नाही वाटत. आजही नाही. आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस तो.

परतीच्या गाडीत अक्कल चालवली. आमच्या कामात एक गंमत आहे. नाव मोकळं आहे असं खोटं सांगितलं आणि अर्ज परत आला, तर चोर तिथंच सापडतो. पण नाव गेलंय असं सांगितलं, तर तपासायला कोण जातंय? गिऱ्हाईक दुसरं नाव देतं, आणि तेही बघायला मलाच धाडतात. केवढा हुशार होतो मी! शुक्रवारी साहेबांना सांगून टाकलं, "हौसाबाई गेलंय, साहेब. आधीच कुणीतरी घेतलंय." साहेबांनी मान हलवली आणि कागदावर काट मारली.

शनिवारी ते दोघं आले, आणि बरोबर खुद्द हौसाबाई. आपलं नाव जिथनं सरकारात जाणार ते ऑफिस बघायचं म्हणून नवं लुगडं नेसून आलेली. बिरानं पत्र्याची पाटीसुद्धा रंगवून आणली होती, साहेबांना दाखवायला. साहेब फोनवर; मला खुणेनं म्हणाले, तूच सांग. सांगितलं. बिराचं तोंड उतरलं. मिलिंद खिडकीबाहेर बघायला लागला. आणि म्हातारी? तिनं दोन्ही हात गालांवर ठेवले.

"आगं बया! पुन्यात माज्या नावाची बाई हाय? आन् तिनं कारखाना काडलाय?"

मी हो म्हणालो. ती वेळ 'नाही' म्हणायची होती, हे मला आज कळतंय असं समजू नका. तेव्हाही कळत होतं.

"मग आसू दे की रं," ती पोरांनाच समजवायला लागली. "तिनं आदी काडला, तिचा मान. एका नावाच्या दोगी म्हंजी बहिणीच. तुमी दुसरं ठिवा." साहेबांसाठी आणलेलं काळंभोर घोंगडं तिनं गठुळ्यातनं काढलं आणि माझ्या हातांवर ठेवलं. "तुमी जाताय न्हवं पुन्याला? तिला द्या. म्हनावं, माणातल्या हौसानं दिलंय."

साहेबांनी 'नवप्रकाश वूलन्स' असं नाव काढून दिलं आणि पुढच्या गुरुवारी मी खरोखर पुण्याला गेलो. नवप्रकाश मोकळं होतं. मग बोट आपोआपच मागच्या पानांकडं गेलं, हौसाबाईच्या अक्षराशी. एकदा बघितलं, पुन्हा बघितलं. नाव नव्हतं. त्याच्या जवळपासचंही काही नव्हतं. अर्ज अजून भरायचा होता. सांगलीला येऊन एक वाक्य बोललो असतो तर सगळं जागेवर आलं असतं. साताऱ्याचा दिवस पोरकटपणाचा होता म्हणा, पण हा? या गुरुवारी मी पुरता शुद्धीवर होतो. लग्न ठरतंय, अशात नोकरी गेली तर? म्हणून गप्प बसलो. माझा गुन्हा तो हा.

पुढचं ऐका म्हणजे हसाल. म्हातारीनं निरोप धाडून विचारलं, बहिणीला घोंगडं आवडलं का? फार आवडलं, मी कळवलं. आणि फुकट कसं घ्यायचं म्हणून सांगलीच्या पेठेतनं एक खण आणून "पुण्याहून आलाय" म्हणून पाठवला. कारखान्याच्या उद्घाटनाला दहिवडीला गेलो— तोवर आमचं लग्न झालं होतं, सुनंदा बरोबर होती— तर हौसाबाई त्याच खणाची चोळी घालून दारात उभी! येईल त्याला दंड दाखवत होती. "माज्या पुन्याच्या भनीनं धाडलाय. तिचा बी कारखाना हाय!" हलगी लागली, बिरा आणि मिलिंद गळ्यात गळे घालून नाचले. मीही नाचलो. खोटं कशाला बोलू, लय भारी वाटत होतं.

मग दर वर्षी पुण्याच्या हौसाबाईसाठी काहीबाही यायला लागलं. हुलगे, बाजरी, एकदा तर मडकंभर तूप. पुण्याची हौसाबाई नांदत होती आमच्याच घरात! सुनंदा हुलग्याचं माडगं करायची आणि म्हणायची, किती माया करते हो म्हातारी आपल्यावर. मी वाटी पुढं करायचो.

तुम्ही म्हणाल, म्हातारी खूश होती ना, मग बिघडलं कुठं? असं मीही पुष्कळदा म्हणून पाहिलं. पण तिला बहीण कुठं हवी होती? मी दिली, म्हणून तिनं गोड मानून घेतली.

आणि मला अजून एक संधी मिळाली होती, हेही सांगतो. दशक सरत आलं होतं. कारखाना चांगला चालला होता. बिरा आईला घेऊन ऑफिसात आला, मी एकटाच होतो. "आवं, कंपनीचं नाव बदलता येतंय म्हनं," तो म्हणाला. "ती पुन्याची कंपनी बंद पडली आसंल, तर आईचं नाव आपल्याला मिळंल का?"

मिळालं असतं. एका अर्जात मिळालं असतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हौसाबाई पोरावर कडाडली— "वंगाळ बोलू नगंस! बंद का पडंल तिचा?" आणि माझ्याकडं वळली. "चालू हाय न्हवं वो तिचं?"

"चालू आहे," मी म्हणालो. "जोरात चालू आहे."

म्हातारीनं टाळी वाजवली. लहान पोरीगत खुदखुदून हसली. "बगितलंस? माजी भन हाय ती!" बिराही हसला. आणि मी? मीही हसलो, त्या दोघांच्या बरोबरीनं.

हौसाबाई त्यानंतर चार वर्षांनी गेली. कंपनी अजून नवप्रकाशच आहे. पुण्याच्या यादीत हौसाबाईचं नाव कुणीही घेतलेलं नव्हतं— ना त्या गुरुवारी, ना ती टाळी वाजवत होती त्या दिवशी. ते मोकळं होतं.