पंचफुलेच्या पोटातला गारठा

आमच्या कलापथकात पंचफुला झांजा वाजवायची. निर्मल गावी एकदा खेळ चालू असताना गॅसबत्ती भडकून पडदा पेटला. आम्ही गाणाऱ्या, नाचणाऱ्या सगळ्या पळालो. हिने झांजा खाली ठेवल्या, घोंगडीने आग विझवली आणि तुटलेल्या ओळीपासून पुन्हा ताल धरला. काय बाई होती! ती घाबरलेली मी पाहिली ती फार पुढे.

पथक मोडल्यावर ती नेरडीगोंड्याला अंगणवाडीत आया झाली. दोन हजार सालानंतर आदिलाबादला एक शिबिर लागलं, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचं. मशीन नॉर्वेहून आलेलं, ते शिकवायला झांबियाची नर्स, सोबत हैदराबादच्या डॉक्टरीणबाई. गावातल्या बायका न्यायच्या होत्या, म्हणून पंचफुलेने आधी स्वतःला तपासून घेतलं. व्हिनेगर लावताच आत पांढरा डाग उमटला. हा कॅन्सर नव्हे, पण पुढे होऊ शकतो, आताच गोठवून टाकू, असं डॉक्टरीणबाईंनी तेलुगूत समजावलं. नंतर काय होईल तेही सांगितलं. पंचफुलेने मान डोलावली. थंड गॅसची नळी लागली, काम झालं.

आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली निखारे ठेवतात. पोटात गारठा शिरला की बाई गेली, हे ऐकतच आम्ही वाढलो. हिने तर तो आपण होऊन आत घेतला होता. घरी येताच तिने बाजेखाली शेगडी ठेवली. मग अंगावरून पाणी जाऊ लागलं. शेक वाढवला, तरी पाणी थांबेना. तिने कोणाला सांगितलं नाही. फक्त गावातल्या बायकांना शिबिराला जाऊ नका म्हणाली.

मी सहज भेटायला गेले तर ऐन मे महिन्यात ही निखाऱ्यांवर, घामाने चिंब. म्हातारपणी बाळंत झालीस का, म्हणून मी थट्टा केली. ती हसली नाही.

"ताई, आतमधी बर्फ वितळून राह्यला. तो सरला का मी सरली."

शिबिर दुसऱ्या दिवशी संपणार होतं. ती यायला तयार नव्हती. पुन्हा गारठा घालतील म्हणे. मी ओढूनच बसमध्ये बसवलं. वाटभर ती आपल्या झांजा कोणाला द्यायच्या ते मला सांगत होती.

झांबियाच्या नर्सने सगळं ऐकून घेतलं. ती बोलली ते डॉक्टरीणबाईंनी या वेळी हिंदीतून सांगितलं, "ही म्हणते, माझ्यावरही हेच केलंय. पाणी मलाही महिनाभर गेलं. मीही मरणार म्हणून रडले होते."

तेलुगू समजलं नव्हतं तर मान काऊन हालवली, मी विचारलं.

"डॉक्टरीणीले नाही कसं म्हणाव?" पंचफुला म्हणाली.

पाणी थांबलं, भीती थांबली नाही. वर्षाने पुन्हा तपासणी होती. तिने जीपभर बायका आणल्या आणि पाणी जाईल, भिऊ नका, असं एकेकीला आपल्या बोलीत सांगितलं. स्वतः मात्र आत माझा हात धरून निजली. नव्या नर्सने पाहिलं, डाग नव्हता.

"अजून एक खेप पाहा, माय."

नर्सने पुन्हा पाहिलं. नव्हताच. तरी पंचफुलेने माझा हात सोडला नाही. दारापर्यंत तशीच आली. बाहेर बायका बसल्या होत्या. तिने हात सोडला, पदर सारखा केला आणि पुढच्या बाईला हाक मारली.