व्याह्यांचा ड्यूटी चार्ट

१ डिसेंबर १९९१, रविवार. दुपारचे अडीच. जळगावातल्या एका इस्पितळाच्या बायकांच्या वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर, म्हणजे मी, आपल्याच घराच्या मोरीत पाटावर बसून पुऱ्यांची कढई राखेने घासत होते. शेजारी चौदा ताटं, अठ्ठावीस वाट्या, भरताचं पातेलं आणि कणकेची परात आपापल्या पाळीची वाट बघत होती. ही वेळ माझ्यावर ज्यांनी आणली ते माझे व्याही. ऐकलेला उपदेश वहीत उतरवून विसरून जाणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, मीही त्यांतलीच; पण ऐकलेला उपदेश त्याच दिवशी, तिथल्या तिथे, आणि तोही दुसऱ्याच्या घरात अमलात आणणारा माणूस साऱ्या खानदेशात हा एकच असेल. तो नेमका माझ्या लेकीचा सासरा असावा याचा मला त्या दुपारी फार संताप आला होता.

व्याही धुळ्याला एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. सगळं धुळं त्यांना आबा म्हणायचं, म्हणून मीही आबा म्हणत असे. खिडकीत बसून माइकवर गाड्या पुकारण्यात तीस वर्षं गेल्यामुळे त्यांना कुठलीही गोष्ट एकदा सांगता येत नसे. "चहा झालेला आहे. चहा झालेला आहे." "सूनबाई माहेरी निघालेली आहे. सूनबाई माहेरी निघालेली आहे." खिशात लाल-निळी पेन्सिल आणि घडी घातलेला फुलस्केप कागद कायम. त्यावर रेघा मारून ते कशाचाही ड्यूटी चार्ट करत. आमच्या मुलांच्या लग्नात त्यांनी पाहुण्यांच्या पंगतींचा चार्ट करून मांडवाच्या खांबाला लावला होता, आणि माझी सख्खी जाऊ दुसऱ्या पंगतीच्या वेळेत पहिल्या पंगतीला बसली म्हणून तिला पानावरून उठवलं होतं. जाऊ अजून माझ्याशी धड बोलत नाही. मी मात्र तेव्हा हसून "असू दे, असू दे" म्हटलं होतं, कारण आमची मुलीची बाजू. आम्ही तीन पिढ्यांचे कॅथलिक असलो तरी व्याह्यांपुढे मान खाली घालायची रीत बाप्तिस्म्याच्या पाण्यानेही धुऊन निघालेली नाही.

त्या वर्षी आमच्या फादरांनी एक फेलोशिप सुरू केली. शंभर वर्षांपूर्वी त्या वेळच्या पोपसाहेबांनी कामगारांच्या हक्कांवर एक मोठं पत्र लिहिलं होतं. त्याची शताब्दी म्हणून नोकरी-धंदा करणाऱ्या कॅथलिकांनी चर्चची सामाजिक शिकवण वर्षभर अभ्यासावी, अशी कल्पना. आम्ही चौदा जण होतो. दोन शिक्षक, एक वकील, पाटबंधाऱ्यातले एक इंजिनिअर, एक बँकेतले साहेब, मी, आबा आणि असेच बाकीचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सभा, एकदा धुळ्याला आणि एकदा जळगावला. जळगावची सभा आमच्याकडे, कारण आमची पुढची खोली मोठी आणि आमचे यजमान रेल्वेत, रविवारी बहुतेक ड्यूटीवर. फादरांनी पहिल्याच दिवशी तीन शब्द फळ्यावर लिहिले होते : पाहा, पारखा, करा. आधी भोवतालचं नीट पाहायचं, मग शिकवणुकीच्या कसाला लावायचं आणि मग काहीतरी करायचं. मी तेव्हाच शेजारच्या मास्तरीणबाईंना हळूच म्हटलं होतं, "आमचे आबा हे उलटं करणार बघा. आधी करतील, मग पारखतील आणि पाहायचं राहूनच जाईल."

आणि झालंही तसंच. पृथ्वीवरचं सगळं देवाने सगळ्यांसाठी दिलं आहे, हा धडा झाला त्या संध्याकाळी परतीच्या गाडीला वेळ होता, तर आबांनी माझ्या मागच्या खोलीत पिकायला टांगलेला केळीचा अख्खा घड उतरवला आणि फाटकात उभं राहून गल्लीत वाटून टाकला. भुसावळच्या माझ्या बहिणीसाठी ठेवलेला घड होता तो. मी काही बोलणार, तोच "केळी सगळ्यांची आहेत, विहीणबाई. केळी सगळ्यांची आहेत," असं त्यांनी पुकारलं. पुढच्या महिन्यात धडा आला की जे खालच्याला ठरवता येतं ते वरच्याने ठरवू नये. आबांनी धुळ्याला घरी जाऊन त्याच दिवशी घरातले सगळे निर्णय सुनेकडे, म्हणजे माझ्या लेकीकडे, सोपवले. लेकीने पहिलाच निर्णय दिला की सासऱ्यांनी घरात पुकारायचं नाही. आबांनी तो दोन दिवस पाळला. तिसऱ्या दिवशी त्यांनी निर्णय मान्य असल्याचं दोनदा पुकारून सांगितलं. हे लेकीनेच पत्रात कळवलं होतं, आणि त्या पत्रात एक ओळ अशीही होती की या घरात मला विचारल्याशिवाय काही ठरत नाही. ती ओळ मी दोनदा वाचली, एवढं कबूल करते.

पण डिसेंबरच्या सभेचं मला आजही पटकन हसू येत नाही. आमच्याकडे चौदा वर्षं शेवंता कामाला होती. सकाळी साडेसहाला यायची, स्वयंपाक, भांडी, धुणं सगळं आटोपून संध्याकाळी जायची. मी तिला कधी परकी मानली नाही. साडी, औषधपाणी, अडीनडी, सगळं बघत होते. बुधवारी सुट्टीही देत होते. बुधवारी, कारण माझा वीकली ऑफ बुधवारी आणि मी घरी असते. हा ऑफ मिळवायला मी पूर्वी मेट्रनशी कडाक्याचं भांडलेली बाई आहे, त्यामुळे सुट्टीचं मोल मला कुणी शिकवायला नको होतं. सभेच्या रविवारी मी ड्यूटी बदलून घेत असे, आणि शेवंता फादरांसकट पंधरा जणांचा स्वयंपाक करी. त्या दिवशी मोसमातलं पहिलं भरीत होतं. शेवंताने सकाळपासून अंगणात कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजली, ठेचली आणि ती पुऱ्या लाटायला बसली होती.

आणि विषय होता विश्रांतीचा. आठवड्यातला एक दिवस कष्टकऱ्याचा स्वतःचा, ती कुणी केलेली मेहेरबानी नसून त्याचा हक्क आहे, असं फादर सांगत होते. आम्ही लिहून घेत होतो. इंजिनिअरसाहेबांनी तर अधोरेखित केलं. पहिल्या पुरीचा वास आला तसे आबा उठले. मला वाटलं, पाणी प्यायला. ते स्वयंपाकघरात गेले, दोन मिनिटांनी परत आले, दारात उभे राहिले आणि खिशातला कागद उलगडून पुकारले, "शेवंताबाईंचा वीकली ऑफ कधी आहे? शेवंताबाईंचा वीकली ऑफ कधी आहे?"

तेरा माना माझ्याकडे वळल्या.

"बुधवारी," मी म्हटलं.

"बुधवार तुमचा, विहीणबाई. बुधवार तुमचा. मी त्यांचा विचारतो आहे."

"अहो आबा, शेवंता घरचीच आहे आमच्या."

"घरची शे, तर मग आते इथं वही लिसन का बशेल नही? का बशेल नही?" आबांना चीड आली की त्यांचं गाव बोलायला लागतं. म्हणजे, घरची आहे तर आत्ता इथे वही घेऊन का बसलेली नाही? वकील खोकले. फादर फळ्याकडे बघू लागले. मी व्याह्यांना काय बोलणार? बायकांच्या वॉर्डात मी नुसतं बघितलं तरी नातेवाईक बाहेर जातात, आणि इथे माझ्याच खोलीत माझीच बोलती बंद.

पीठ लागलेल्या हातांनी शेवंताला त्यांनी दारात बोलावलं. ती मेल्याहून मेल्यासारखी झाली. "मले काय करायचा आबा ऑफ? मी मजेत हाये ताईपाशी." आबांनी तोच प्रश्न पुन्हा पुकारला. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बोदवडले पोरगी हाये. जिनात जाते कामाले, लेकरू संगंच नेते. रविवारीच घरी राह्यते." आणि हाताचं पीठ खरवडत, "रांगाले लागला म्हने."

बारशानंतर तिने नातू पाहिला नव्हता. मला हे माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. पोरगी बोदवडला आहे, कापसाच्या जिनिंगमध्ये जाते, नातू आठ महिन्यांचा आहे, सगळं माहीत होतं. फक्त रविवार आणि बुधवार मी कधी एका कागदावर मांडले नव्हते.

"बोदवडची गाडी सव्वा बाराला. बोदवडची गाडी सव्वा बाराला," आबा म्हणाले. तीस वर्षं धुळ्याला काढलेला माणूस, पण जळगावच्या गाड्याही तोंडपाठ. त्यांनी रिक्षा थांबवली, शेवंताला हात धुवायला लावले, "मुक्काम करून उद्या सकाळी या" असं दोनदा बजावलं आणि स्वतः तिला स्टँडवर बसवून द्यायला निघून गेले. जाताना कागद फादरांच्या हातात दिला. त्यावर चौदा नावं होती आणि पुढे कामं : लाटणे, तळणे, वाढणे, घासणे. अक्षर सुबक, रेघा पट्टीने मारलेल्या. म्हणजे हा कागद धुळ्याहून करून आणलेला होता.

पुढचा तास वर्णन करण्यासारखा नाही. बँकेतल्या साहेबांच्या पुऱ्यांना कोपरे होते. वकिलांनी तेल इतकं तापवलं की कढई बाहेरून-आतून काळी झाली. फादर मुकाट्याने कांदा चिरत होते आणि कांद्याच्या आडोशाने त्यांचं काय चाललं होतं ते देवालाच ठाऊक. चार्टात घासण्याच्या पुढे माझं नाव होतं. मुलीच्या सासऱ्याने मला भांड्यांना लावलं! जेवून मंडळी गेली आणि मी मोरीत बसले, ती त्या रागातच. सांगायचं होतं तर एकटीला सांगायचं. चारचौघांत कशाला? एकदा मला विचारायचं तरी.

आणि कढई घासता घासता आठवलं, की विचारलं होतं. दिवाळीच्या फराळाला आले तेव्हा, "शेवंताबाई बोदवडला कधी जातात? शेवंताबाई बोदवडला कधी जातात?" मी चकल्या वाढत होते. "तिला इथेच बरं वाटतं," मी सांगून टाकलं होतं. त्याआधी ऑक्टोबरातही एकदा काहीतरी असंच पुकारलं होतं. दोनदा बोलायची त्यांची सवयच, म्हणून मी एकदाही ऐकलं नव्हतं. म्हणजे या माणसाने दोन महिने पाहिलं होतं, पारखलं होतं, आणि मग केलं होतं. क्रम बरोबर होता. मास्तरीणबाईंना मी चुकीचं सांगितलं होतं.

सव्वा बाराची गाडी दोनला सुटली, म्हणून आबा पावणेतीनला परत आले. झाकून ठेवलेलं गार भरीत आणि कोपऱ्याच्या पुऱ्या त्यांनी उभ्याने खाल्ल्या आणि मोरीच्या दाराशी आले. मी वर पाहिलं नाही.

"माझी आई मिशनच्या बोर्डिंगात स्वयंपाकाला होती," ते म्हणाले. "रविवारी बोर्डिंगात गोड असायचं. त्यामुळे रविवारी ती कधी घरी नसायची."

मी पुढचं वाक्य यायची वाट पाहिली. आलं नाही. त्यांच्या तोंडून एकदाच बोललेली गोष्ट मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली, आणि दुसऱ्यांदा ऐकायला मिळाली असती तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं. पण भांडी पडली होती. "खुंटीला फडकं आहे," मी म्हटलं. त्यांनी फडकं घेतलं आणि धुळ्याच्या गाडीची वेळ होईपर्यंत चौदा ताटं एकेक करून पुसली, तीही आकाराप्रमाणे लावून.

दुसऱ्या दिवशी शेवंता नेहमीपेक्षा तासभर उशिरा आली. पदराला दुधाचा वास होता. मी वॉर्डातून पूर्वी कधीतरी आणलेला ड्यूटी चार्टचा एक कोरा कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला, लाल पेन्सिल तिच्या हातात दिली आणि कोणत्या वारावर फुली मारायची ते तिलाच विचारलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी सोमवारपासून एकेका वारावर बोट ठेवून नाव सांगत गेले. शेवटच्या घरावर बोट आलं तेव्हा तिने तिथे पेन्सिल टेकवली. मग मी इस्पितळात गेले, कारण सव्वाआठ होऊन गेले होते आणि इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच उशिरा पोचणार होते.