उसनी टोपी आणि विहिरीतली लाट

मास्तरांची नोकरी त्या वर्षी टांगणीला लागली होती आणि तिची काळजी त्यांच्यापेक्षा आम्हालाच जास्त होती. मास्तर मारत नसत. ते गेले तर मंठ्याकडचे दुसरे मास्तर येणार होते आणि ते छडी तेलात भिजवून ठेवतात, असं आमच्या कानावर आलं होतं. आमचे मास्तर कायम होणार की जाणार, ते सगळं तपासणीवर होतं.

निजामाचं राज्य, परतूरजवळचं आमचं गाव, मारुतीच्या देवळाच्या ओवरीत शाळा. तपासणीला येणारे साहेब प्रत्येक शाळेत एक प्रश्न हटकून विचारतात, एवढी बातमी मास्तरांनी काढून ठेवली होती. लाट पुढं जाते तेव्हा पाणी पुढं जातं का? उत्तर होतं, नाही. ते आम्हाला काही केल्या पटेना.

"मागल्या साली दुधनेच्या पुरानं आमचा सगळा कडबा वाहून नेल्ता," मी म्हणालो. "मंग पाणी जात न्हाई कसं?"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. साहेब यायला थोडाच अवकाश होता. शेवटी ते आम्हाला देवळामागच्या विहिरीवर घेऊन गेले. डोळ्यांनी पाहिलं की पोरांची खात्री पटते, असं त्यांचं मत होतं.

एरवी मास्तर पागोटं घालत. त्या दिवशी साहेबांचा मान म्हणून त्यांनी चावडीवरच्या कारकुनाची लाल, गोंड्याची रुमी टोपी उसनी आणली होती. कारकुनाचं डोकं मोठं, मास्तरांचं लहान. पावसाळा संपत आलेला, विहिरीचं पाणी वरपर्यंत चढलेलं. मास्तरांनी खडा टाकला, लाटा दाखवायला वाकले आणि टोपी डोक्यावरून सुटून थेट पाण्यात गेली.

ती बुडाली नाही. मधोमध गोंडा वर करून ऐटीत तरंगत राहिली.

टोपी जाताच मास्तरांच्या डोक्यातला धडाही गेला. "पल्याडून दगड टाका रे," ते म्हणाले. "लाटंनं कडंला आली म्हंजे काठीनं काढू." एरवी त्या विहिरीत खडा टाकला तर गावभर शिव्या मिळत. आज परवानगी होती. आम्ही हात धुऊन घेतले. लाटांमागून लाटा काठावर येऊन फुटत होत्या आणि टोपी जागच्या जागी वर-खाली करत होती. मास्तरांचा चेहरा मात्र उतरत चालला होता. मला त्यांची दया आली, पण दगड टाकायचं मी थांबवलं नाही.

गळ लावलेला दोर हवा होता. बायका आपापला दोर घरून आणत, त्यामुळे काठावर काहीच नव्हतं. मास्तरांनी मला पळवलं. मी मारवाड्याच्या दुकानात शिरलो आणि म्हणालो, "दोर द्या जल्दी. मास्तर हिरीवर बोडक्यानं उभे राह्यले."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण त्या काळी घरातलं कुणी गेल्याशिवाय कुणी बाप्या डोकं उघडं टाकत नसे. त्यात विहीर, त्यात दोर. मारवाड्यानं मला दोर दिला आणि मुकाट्यानं दुकानाच्या फळ्या लावल्या. मास्तरांचे म्हातारे वडील रोज त्याच विहिरीवर घागर घेऊन जात, तेव्हा तेच पडले असं सगळ्यांनी धरलं. मी परत निघालो तेव्हा माझ्यामागं अर्धं गाव होतं आणि बायकांनी गळा काढला होता. सांगायला मी तोंड उघडलं, पण ऐकतो कोण.

नेमकी तेव्हाच साहेबांची बैलगाडी आली. उघड्या डोक्याचे मास्तर आणि रडणाऱ्या बायका पाहून ते खाली उतरले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "सब्र करो, मास्टर साब. कौन गुजर गया?"

तेवढ्यात गर्दीतून मास्तरांचा म्हातारा बाप पुढं आला. तो रडणाऱ्या बायकांनाच विचारत होता, "कोण पडलं गं?" बायका जागच्या जागी गप्प झाल्या. मग त्याला मुलगा दिसला, हाकिमापुढं बोडका. म्हाताऱ्यानं स्वतःचं पागोटं उतरवलं आणि मुलाच्या डोक्यावर ठेवलं.

"म्या जित्ता हाय अजून," तो म्हणाला. "कामून बोडका उभा राह्यला?"

आता म्हाताऱ्याचं पांढरं डोकं सगळ्यांसमोर उघडं होतं. हसावं असं कुणाला वाटलं नाही, मलासुद्धा.

"टोपी, साहेब," मास्तर कसेबसे म्हणाले. "हिरीत पडली."

साहेबांनी आधी स्वतःची टोपी दोन्ही हातांनी धरली, मगच विहिरीत वाकून पाहिलं. काठाशी लाटा अजून फुटत होत्या. त्यांनी आमच्याकडं वळून विचारलं, एवढे दगड टाकले तर टोपी कडेला का आली नाही?

"लाट येती साहेब, पाणी येत न्हाई," आम्ही सगळे एका दमात ओरडलो. या वेळी आमची खात्री होती.

मास्तर कायम झाले. टोपी गळानं काढेपर्यंत तिचा रंग पाण्यात उतरला होता, त्यामुळे मिश्रणाचा धडा आम्हाला वेगळा शिकवावा लागला नाही. कारकून मात्र मास्तरांशी पुढं कितीतरी दिवस बोलला नाही.

काही वर्षांनी एका थंडीत मास्तर खरोखर बोडक्यानं दारात बसलेले दिसले. कोण गेलं, हे कुणाला विचारावं लागलं नाही. तेराव्याला त्यांच्या सासरच्यांनी रिवाजाप्रमाणे नवं पागोटं आणलं होतं. मास्तरांनी ते हात जोडून बाजूला ठेवलं आणि वडिलांचं जुनं मागून घेतलं. ते त्यांना बरोबर बसतं, हे आम्हाला विहिरीवरच्या त्या दिवसापासून माहीत होतं.