ओंकारेश्वराच्या घाटात उतरलेला शेंदूर

ओंकारेश्वरला आपल्याच गाडीने जायचे हे मी ठरवले, त्यामागे भक्तीपेक्षा मत्सर अधिक होता. मी उज्जैनच्या पॉलिटेक्निकात ब्रेक शिकवतो. माझे साडू सुधीरराव बँकेत आहेत. तरीही गाडी कुरकुरली की माझी पत्नी मेधा म्हणते, "भाऊजींना विचारा ना."

म्हणून शनिवारी अंगणात पुढचे ब्रेक-पॅड मी स्वतः बदलले. तुम्हालाही जमेल: सपाट जागा, मागच्या चाकांना दगड, जॅकखेरीज पक्का स्टँड, आणि अखेरीस पेडल घट्ट होईपर्यंत दाबणे. जुने पॅड आणखी महिनाभर चालले असते; पण साडूंना दाखवायला नवे हवे होते. जुने कागदात गुंडाळून डिकीत ठेवले. मग पूजा केली. डाव्या चाकावर, गल्लीतून दिसावे म्हणून, तेलात कालवलेल्या शेंदराचे स्वस्तिक सढळ हाताने काढले.

रविवारी सकाळी सहाला मेधा, सुधीरराव आणि मी निघालो. उज्जैनच्या बस स्टँडजवळचे देवास गेट लवकर ओलांडावे. नंतर बस आणि ऑटो वाट देत नाहीत. इंदूरला पोहे-जिलबी झाली.

सिमरोलनंतर घाट उतरताना मागच्या सीटवरून सुधीरराव त्यांच्या इंदुरी ढंगात म्हणाले, "भिया, ब्रेक मारला की गाडी उजवीकडे का जाते?"

"रस्त्याचाच उतार आहे," मी ठणकावले.

पुढच्या वळणावर ब्रेक दाबताच गाडी समोरून येणाऱ्या ट्रककडे ओढली गेली. मेधा किंचाळली. मी गिअर उतरवून गाडी कशीबशी डावीकडच्या मोकळ्या जागेत घेतली.

सुधीरराव डाव्या चाकापाशी उकिडवे बसले. "भिया, भगवान को चढाया, लग गया ब्रेक को! तेल चकतीवर उतरलंय."

तेलकट बाजू पकडत नाही, म्हणून गाडी दुसऱ्या बाजूला ओढते. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. तेल प्यालेले पॅड पुन्हा वापरू नयेत, हेही. चकती गार झाल्यावर डिकीतल्या ब्रेक क्लीनरने पुसली आणि दोन्ही बाजूंना जुने पॅड बसवले. हळू चालवून पाहिले. गाडी सरळ थांबली.

"जुने पॅड सोबत कोण ठेवतं? मान गए!" सुधीरराव मनापासून म्हणाले. त्याचाही मला राग आला.

"भाऊजी होते म्हणून वाचलो," मेधा म्हणाली.

दर्शन छान झाले. नर्मदेचे हिरवे पाणी जरूर पाहा; मी पाहिले, पण कानात तेच वाक्य होते.

घरी परतून दुसरे कोरे पॅड आणून बसवले. मेधा शेंदराची वाटी घेऊन आली. "कुठे लावायचा?"

"बॉनेटवर," मी म्हणालो.

तिने तरीही भाऊजींना फोन लावला.