निजलेत तर उठवा

टँकरच्या ओल्या गंजाचा वास आला की आजही माझं डोकं तडकतं. दुष्काळाचं साल होतं. वडील पहाटे गेले, आणि त्यांना अंघोळ घालायला घरात तांब्याभरच पाणी उरलं होतं. पाण्याच्या सोसायटीचा टँकर पाराजवळ आला म्हणून आई आणि मी घागरी घेऊन धावलो. आम्ही ख्रिस्ती; गेलेल्या माणसाला आई मेला म्हणत नसे. ती सेक्रेटरीला म्हणाली, "आमचे धनी प्रभूत निजले, दोन घागरी द्या." तो खेकसला, "निजलेत तर उठवा की! सभासद सोता आल्याबिगर पाणी न्हाई." मी ओरडले, "मेलेत ते!" तर म्हणतो कसा, "मग सभासदत्व संपलं." आणि त्यानं पाइप पुढच्याच्या घागरीत सोडला. घरी येऊन आईनं तांब्यातल्या पाण्यात फडकं भिजवलं आणि वडिलांचं तोंड पुसता पुसता सकाळपासून पहिल्यांदा तिचा चेहरा निवळला. "ऐकलंस? उठवा म्हनला. त्याच्याबी तोंडून देवानं वदवलं, हे शेवटच्या दिवशी उठणार हायेत." त्या एका शब्दावर ती पुढं शांत जगली. मी मात्र अजून, रविवारच्या प्रार्थनेत अपराध्यांना क्षमा करायची ओळ आली, की तोंड मिटून उभी राहते.