सिलीसेढच्या तळ्याकाठी मामाचा मान

"दादा, सई सात महिन्यांची झाली. तू येणार आहेस, की ती दहावी झाल्यावर एकदमच येणार आहेस?"

फोनवर केतकी होती, माझी मावसबहीण. तिला सख्खा भाऊ नाही, त्यामुळे मामाची जागा माझ्याकडे बिनविरोध आली आहे. बाळाच्या तोंडात अन्नाचा पहिला घास मामाने घालायचा, अशी आपल्याकडची रीत. त्याला उष्टावण म्हणतात. डॉक्टरांनी सहा महिने पुरे झाल्यावर वरचं खाणं सुरू करायला सांगितलं होतं. मी दोनदा तिकीट काढलं आणि दोनदा रद्द केलं. तोवर मुलीने मामाची वाट बघत नुसत्या दुधावर राहावं, असं केतकीने ठरवून टाकलं. एका सात महिन्यांच्या मुलीला माझ्यामुळे उपवास घडतोय हे कळल्यावर पुण्याहून निघणं भाग होतं.

दिल्लीला फेब्रुवारीच्या शेवटी जावं. धुकं गेलेलं असतं, उन्हाळा यायचा असतो, आणि दिल्लीकर त्या मधल्या तीन आठवड्यांना कौतुकाने 'मौसम' म्हणतात. पहिली रात्र कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात काढली. ओळख किंवा चिकाटी, दोन्हींपैकी एक असेल तर तिथे खोली मिळते. सकाळी मेट्रोने गुरुग्रामचं शेवटचं स्टेशन गाठलं आणि पुढे टॅक्सीने मानेसर. सामायिक ऑटोही मिळतात, पण माझ्या पिशवीत चांदीची वाटी होती आणि ऑटोत आधीच नऊ माणसं होती.

केतकी मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. तिचा नवरा निखिल दिल्लीतच वाढलेला मराठी, शाळा पहाडगंजची, नोकरी गुरुग्रामची, आठवड्यातले तीन दिवस घरूनच. लग्नानंतर चार वर्षं या दोघांनी एकही लांब सुट्टी घरी काढली नव्हती. स्पिती, झांस्कर, कच्छचं रण, सगळं मोटारसायकलवर. आता अकराव्या मजल्यावरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये भिंतीवरच्या हिमालयाच्या नकाशावर लसीकरणाचा तक्ता डकवलेला आहे आणि तंबूच्या दोऱ्यांवर लंगोट वाळतात.

"अच्छा दादा," निखिलने चहा देता देता विचारलं, "मामाला एक्झॅक्टली काय करायचं असतं? म्हणजे प्रोसेस काय आहे?"

"घास भरवायचा. एवढंच."

"बस? एवढ्यासाठी पुण्याहून?"

केतकीने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तो बिस्किटं आणायला आत गेला.

मग तिने मला खरी गोष्ट सांगितली. तिची रजा संपली होती. सोमवारी कामावर जायचं, नाहीतर राजीनामा द्यायचा. कारखान्याजवळच्या पाळणाघरात सईला दोन दिवस ठेवून बघितलं. बाटलीतलं दूध तिने तोंडाला लावू दिलं नाही, दिवसभर रडली. "ती माझ्याशिवाय कुणाच्या हातचं काही घेत नाही रे," केतकी म्हणाली. "अशा मुलीला दुसऱ्यांच्या गळ्यात घालून मी नटबोल्ट तपासत बसू? मेल लिहून ठेवलाय. सोमवारी पाठवायचा."

बिस्किटांची बशी घेऊन आलेला निखिल काहीतरी बोलणार होता. मग त्याला एकदम आठवलं, की गाडीच्या चाकांत हवा भरायची राहिलीय.

उष्टावण घरी केलं तर सोसायटीतली निम्मी माणसं येतील, म्हणून या दोघांनी सिलीसेढचं तळं निवडलं होतं. अलवरच्या पुढे डोंगरांच्या कुशीत हे तळं आहे, काठावर जुना राजवाडा आणि त्यात आता हॉटेल. शुक्रवारी निघून रविवारी परत. शनिवारचा मुहूर्त निखिलने काढला होता. हॉटेलची खोली त्या दिवशी स्वस्त होती.

रस्ता सांगून ठेवतो. मानेसरहून जयपूर महामार्गाने धारूहेडा, तिथून डावीकडे भिवाडी, तिजारा, अलवर. धारूहेड्याला ट्रकांची रांग लागते. तिला शिव्या देऊन उपयोग नाही, तीही आपल्याला देत असते. भिवाडीचे कारखाने संपले की दोन्ही बाजूंना मोहरी सुरू होते. पिवळ्या रंगाचं वर्णन मी करत नाही. प्रत्येक जण तिथे गाडी थांबवून फोटो काढतो, तुम्हीही काढाल. एरवी अडीच तीन तासांचा रस्ता. बाळ बरोबर असेल तर त्यात बाळाचे थांबे मिळवायचे. आम्ही सकाळी निघालो आणि दुपार उतरायला लागली तेव्हा पोचलो. झांस्करची घाटवाट एका दमात ओलांडणारा निखिल आता टोलनाका आला की मागे वळून विचारत होता, "सू झाली का?"

तिजाऱ्याच्या अलीकडे एका ढाब्यावर जेवलो. पराठ्यावर लोण्याचा गोळा ठेवतात, तो वितळायच्या आत दुसरा पराठा येतो. तिघांचं पोट भरून बिल पुण्यातल्या दोन मिसळींइतकं. सई केतकीच्या मांडीवर बसून माझ्या ताटाकडे एखाद्या तपासनीसासारखी बघत होती. ढाब्याची मालकीण रोटीचा तुकडा घेऊन आली.

"थोड़ी सी चखा दो बच्ची को. देखो, मुँह कैसे चला रही है."

"अभी नहीं आंटी, पहले इसके मामा खिलाएँगे," केतकी म्हणाली.

"मामा कहाँ हैं?"

"ये बैठे हैं ना."

बाईंनी मला, माझ्या हातातल्या तिसऱ्या पराठ्याला आणि पोरीच्या तोंडाला आळीपाळीने पाहिलं. "तो मामाजी, खुद ही खाओगे क्या?"

निखिल इतका हसला, की त्याला ठसका लागला.

सिलीसेढला पोचलात की आधी वानरांकडे लक्ष द्या, मग तळ्याकडे. गच्चीत सामान ठेवून आम्ही पाण्याकडे बघत उभे होतो, तेवढ्यात एका वानराने निखिलच्या सॅकची चेन उघडली. इतक्या सफाईने, की त्याचा तो रोजचाच उद्योग असावा. आतून केळी निघाली. एक नाही, दोन नाही, डझनभर.

"एवढी केळी कुणासाठी?" केतकीने विचारलं.

"माझ्यासाठी. पोटॅशियम."

"तुला तर केळ्याचा वाससुद्धा सहन होत नाही!"

"डॉक्टर म्हणाले," निखिल म्हणाला. कुठले डॉक्टर, ते त्याने सांगितलं नाही. वानर कठड्यावर बसून पोटॅशियम खात राहिलं.

शनिवारी सकाळी उष्टावण झालं. केतकीने हॉटेलच्या स्वयंपाक्याला सांगून तांदळाची मऊ खीर करून घेतली. त्याने तिच्यात आपल्या मनाने पिस्ते आणि केशर घातलं होतं. ते वेचून काढण्यात बराच वेळ गेला. सईला नवं झबलं घातलं, चांदीच्या वाटीत खीर घेतली, मी तिला मांडीवर घेतलं. केतकीचा चेहरा परीक्षेचा निकाल लागण्याआधी असतो तसा झाला होता. पाळणाघरातल्या त्या दोन दिवसांनंतर कुणाच्या हातचं काही सईपुढे येण्याची ही पहिलीच वेळ, निदान केतकीच्या समजुतीप्रमाणे.

मी याआधी तीन भाचरांची उष्टावणं केली आहेत. पहिला घास कधीच पोटात जात नाही. जिभेला चमचा म्हणजे काय हेच माहीत नसतं. ती सगळं बाहेर ढकलते, खीर हनुवटीवरून झबल्यावर येते आणि फोटो निघतो. सईने चमचा दिसताच तोंड उघडलं. ओठ मिटून चमचा पुसून घेतला, गिळलं, आणि वाटीवर हात आपटून पुढचा मागितला. पुढचाही त्याच पद्धतीने गेला. तिसऱ्याला उशीर झाला तेव्हा ती माझ्याकडे नाही, बापाकडे बघून ओरडली.

मीही बापाकडे पाहिलं. बाप तळ्याकडे बघत होता.

केतकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "दादा, खाल्लं रे! तुझ्या हातचं खाल्लं!" मग डोळे पुसत ती हळूच म्हणाली, "मामाचाच हात लागतो बघ. पण तू तर सोमवारी जाणार. पाळणाघरात मामा कुठून आणू?"

म्हणजे यश माझ्या हाताचं आणि राजीनामा होता तिथेच. मी निखिलला म्हटलं, "चल, बोटीत बसू."

बोटींचं तिकीट धक्क्यावरच मिळतं. सकाळी लवकर गेलात तर गर्दी नसते. लाइफ जॅकेट घालायला लावतात आणि मग पाण्यात मगरी आहेत असं सांगतात, या क्रमाने. पायाने हाकायची बोट घ्या. तळ्याच्या मध्यावर पोचलो तेव्हा चारी बाजूंना डोंगर, पाण्यावर पाणकोंबड्या आणि माझ्या शेजारी एक गुन्हेगार.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"दादा, यार..." पायडल मारणं थांबलं. "तीन आठवडे. सकाळी केतकीला झोप लागलेली असते. मी आपला सईला घेऊन हॉलमध्ये. एक दिवस तिच्यासमोर केळं कुस्करून बघितलं. खाल्लं तिने. मग रोजच."

"फक्त तुझ्या हातून?"

"समोरच्या मलिक आंटींनी डाळीचं पाणी दिलं दोनदा. भाजीवाल्याने पपई. बिल्कुल नखरे नाहीत. बाटली तेवढी आवडत नाही, चमचा चालतो."

"आणि हे बायकोला सांगायचं सोडून तू चाकांत हवा भरतोस?"

"कसं सांगू? पहिला घास दादाचा, दादाचा, दादाचा. महिनाभर तेच. मान तुमचा होता, मी तो केळ्याबरोबर खाऊन टाकला."

मी त्याला माझ्या संस्कृतच्या शिक्षणाचा एकमेव व्यावहारिक उपयोग करून दाखवला. म्हटलं, "जावईबापू, अन्नप्राशन हा सोळा संस्कारांतला एक. शास्त्राप्रमाणे तो घास बापानेच द्यायचा असतो. मामा नंतर रूढीने आत शिरलाय. तेव्हा तू चोरी केली नाहीस, धर्म पाळलास. फक्त ज्या बाईची नोकरी त्यावर लटकलीय तिला सांग."

"तुम्ही सांगा ना."

"केळी मी आणली नव्हती."

निखिलने सांगितलं नाही, दाखवलं. दुपारी जेवणाच्या टेबलावर त्याने वाढप्याकडून केळं मागवलं, बशीत कुस्करलं आणि केतकीच्या मांडीवरच्या सईपुढे चमचा धरला. सईने खाल्लं. आणखी एक. आणखी एक. केतकीचा पोळीचा हात हवेतच थांबला.

"किती दिवस चाललंय हे?"

"तीन आठवडे."

"तीन आठवडे." तिने पोळी खाली ठेवली. "मी रोज रात्री तो मेल उघडते, एक वाक्य बदलते, रडते आणि झोपते. आणि तू सकाळी उठून केळी चारतोस?"

"मला वाटलं दादांचा मान..."

"खड्ड्यात गेला दादाचा मान! मला चौदा वर्षं लागली त्या खुर्चीत बसायला!"

मी मध्ये पडलो. शास्त्राप्रमाणे घास बापाचाच, हे तिलाही समजावून सांगितलं.

"हे तुला आज आठवलं?" ती म्हणाली. "मी महिनाभर पोरीला थांबवून ठेवलं तेव्हा तुझं शास्त्र कुठे गेलं होतं?"

प्रश्न रास्त होता. मी वरण वाढून घेतलं.

शेजारच्या टेबलावर जयपूरचं एक कुटुंब आमच्याकडे उघड उघड बघत होतं; त्यांचं जेवण थंड झालं असावं. केतकी बराच वेळ सईच्या तोंडाकडे बघत राहिली. ते तोंड आवाज करत केळं खात होतं आणि आईच्या मांडीवर आपण बसलोय याची त्याने विशेष दखल घेतली नव्हती. मग ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे कुणाचंही खाते ही."

"कुणाचंही," निखिल म्हणाला. त्याला वाटलं ही चांगली बातमी आहे.

केतकीने सईला उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं. "मी बोटीत जाऊन येते. एकटी."

ती पायऱ्या उतरून गेली. आम्ही गच्चीतून पाहत होतो. दोन माणसांनी हाकायची बोट तिने एकटीने हाकली. आधी ती गोल फिरली, मग सरळ पार पलीकडच्या काठाच्या झाडांपर्यंत गेली. तिथे बोट बराच वेळ थांबली. निखिल फोनकडे बघायचा, तळ्याकडे बघायचा. सईला भूक लागली तेव्हा त्याने खीर भरवली. सात महिन्यांत केतकी मुलीपासून इतकी लांब एकदाही गेली नव्हती, हे त्यानेच मला सांगितलं.

परत आली तेव्हा तिचं नाक उन्हाने लाल झालं होतं. निखिलशी ती रविवारी सकाळपर्यंत बोलली नाही. अलवरला कलाकंद घ्यायला थांबलो तेव्हा तिने स्वतः जाऊन अर्धा किलो जास्तीचा घेतला. "मलिक आंटींना," ती म्हणाली. "त्यांचं डाळीचं पाणी फुकट नको." निखिलने सुटकेचा श्वास टाकला. तो जरा लवकर होता. धारूहेड्याच्या रांगेत ती त्याला पुन्हा पहिल्यापासून बोलली. ट्रक हलत नव्हते, त्यामुळे तिला वेळ भरपूर मिळाला.

सोमवारी सकाळी मी अकराव्या मजल्यावरून पाहिलं. खाली कंपनीची बस उभी होती. केतकी डबा घेऊन बसमध्ये चढली; सईला पाळणाघरात सोडायचं-आणायचं काम निखिलचं होतं. आदल्या रात्री तिने तो मेल काढून टाकला होता. पाळणाघरात सांगायच्या सूचना तिने निखिलकडून दोनदा पाठ करून घेतल्या होत्या: बाटली नाही, वाटी-चमचा, केळं दहाला, भात बाराला. दुपारच्या गाडीने मी निघालो.

पुण्यात सगळे विचारतात, उष्टावण कसं झालं. मी सांगतो, उत्तम, मामाच्या हातून. फोटो तसेच आहेत. सिलीसेढला लहान मूल घेऊन जावं का, असं विचारणाऱ्यांना सांगतो: जरूर जा. पायऱ्या खूप आहेत, बाबागाडी नेऊ नका, खाऊ वानरांपासून लपवा आणि नवराबायकोंनी एकमेकांपासून काही लपवलं असेल तर ते आधीच्या दिवशी मोकळं करा. तळं लहान आहे.

गाडी मथुरा सोडत होती तेव्हा केतकीचा फोन आला. मागे बसचा आवाज आणि बायकांची हिंदीत गडबड चालली होती.

"दादा, आत्ताच पाळणाघरात बोलले. सगळं खाल्लं तिने. भातसुद्धा. दिवसभर खेळत होती, एकदाही रडली नाही."

"वा! मग छानच झालं."

"हो ना," ती म्हणाली. बस कुठेतरी थांबली, दार उघडल्याचा आवाज आला. "एकदाही नाही रे."