खांद्यावरचा हात

दवाखान्यात नंबर यायची वाट बघत होतो. शेजारच्या बाईंच्या मोबाईलवर मीच केलेली मसाल्याची जाहिरात आली. तिच्यात खुर्चीत बसलेले मसालेवाले मालक हसत होते आणि त्यांच्या खांद्यावर हिरव्या बांगड्यांचा एक हात होता. नुसताच हात.

तो मालकीणबाईंचा. मूळ फोटोत त्या खुर्चीशेजारी उभ्या आहेत. पेपरातल्या आडव्या जाहिरातीत दोघंही नीट मावली, पण मोबाईलला उभी चौकट लागते. त्यांचा मुलगा म्हणाला, "दोघं मावत नसतील तर बाबा ठेवा. पाकिटावर त्यांचंच नाव आहे." मसाल्याची चव आईच्या हातची, हे पहिल्या भेटीत अभिमानानं सांगणारा हाच मुलगा. मी आईंना कापलं. हात पुसायचा तेवढा राहून गेला.

पेपर, टीव्ही, मोबाईल आता सगळं एकच झालंय म्हणतात. एकच गोष्ट घ्यायची आणि ज्याच्या त्याच्या मापानं बेतायची. मला हे झकास जमतं. चौकट अरुंद झाली की बाहेर कुणी व्हायचं, हे तर विचारावंसुद्धा लागत नाही. घरोघरी ते आधीच ठरलेलं असतं.

"अगंबाई, हा हात कुणाचा हो?" मोबाईल माझ्यापुढे धरत बाई हसल्या. "भुताटकीच दिसतेय!"

मीही हसलो. बाईंनी अंगठ्यानं जाहिरात वर सरकवली.

ऑफिसात परतल्यावर मी आधी तो हात पुसला.